नोव्हेंबरातली रिकामी फळी

जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला शेवटच्या बसस्टॉपच्या मागे लगेच जंगल सुरू होतं. सकाळी त्या झाडांतून धुकं निघतं, हळूहळू रस्त्यावर येतं आणि कुणीतरी हाक मारल्यासारखं परत आत जातं. याच जंगलात माझ्या चार वर्षांच्या मुलीने, उर्जाने, रोज सकाळभर राहायचं असं आमच्या घरात ठरलं, तेव्हा माझं जेवणावरचं लक्षच उडालं. त्या बालवाडीला भिंती नाहीत, छप्पर नाही. पाऊस असो की बर्फ, मुलं झाडांखाली. वाल्डकिंडरगार्टन म्हणतात तिला. सुधीर, माझा नवरा, म्हणाला की इथली मुलं अशीच वाढतात. मला मात्र गोचिड दिसायचे, ओले मोजे दिसायचे, आणि झाडांमध्ये लहान लहान होत गेलेली एक लाल टोपी.

त्या टोपीखाली घालायला रेनकोट हवा म्हणून मी फ्राऊ केसलरच्या, म्हणजे केसलरबाईंच्या, दुकानात गेले. तंबू, बूट, पाठीवरच्या सॅका यांनी भरलेलं ते छोटं दुकान. आत लोकरीचा आणि बुटांना लावायच्या मेणाचा वास. मी उर्जाला मराठीत दटावत होते, तर शिडीवरून मराठीतच आवाज आला की ते जाकीट घेऊ नका ताई, शिवणीतून गळतं.

ती क्रांती. भंडाऱ्याची. तिचा नवरा धम्मपाल इथल्या एका संस्थेत संशोधक. ती स्वतः एम.एस्सी. झालेली, पण जर्मन सुधारावं म्हणून दुकानात लागली आणि तिथलीच झाली. फ्राऊ केसलरचे गुडघे दुखायला लागल्यावर कुठल्या कंपनीचा माल ठेवायचा हेही तीच ठरवू लागली होती.

तिची ठरवण्याची रीत सगळ्या बाजाराला माहीत होती. कंपनीचा माणूस नमुने घेऊन आला की ती त्याला कॉफी द्यायची, कापड बोटांत चोळून बघायची, आणि मग शांतपणे विचारायची की तुमची कंपनी शिकारीला मदत करते का. जंगलासाठी, पक्ष्यांसाठी, नद्यांसाठी काही करणाऱ्या कंपन्यांना दुकानात फळी मिळे. शिकाऱ्यांच्या संघाला हातभार लावणाऱ्यांना कॉफी मिळे. फ्राऊ केसलर हसायची, पण अडवायची नाही.

मला वाटलं ही बुद्धाची अहिंसा असणार. तसं मी एकदा बोलले, तेव्हा ती आमच्याकडे जेवायला आली होती आणि माझ्या वांग्याच्या भाजीत तिला तिखट कमी वाटत होतं.

"मटण मी खाते, ताई," ती म्हणाली. "पण त्यासाठी मला कुणी रांगेत उभं करत नाही."

मग तिने जे सांगितलं ते ऐकताना भाजी थंड झाली. तिचे वडील सुदाम लहान होते तेव्हाची गोष्ट. मालगुजाराकडे, म्हणजे तिकडच्या जमीनदाराकडे, पाहुणे आले की शिकार ठरायची, आणि त्यांच्या वस्तीतल्या पुरुषांनी हाक्याला जायचं हे न सांगताच ठरलेलं असायचं. हातात डबे, डफडी, काठ्या. एका रांगेत रान तुडवत, ओरडत, जनावरं पुढे काढायची. रांगेच्या शेवटी मचाणावर बंदुका. तिच्या आजोबांना अशाच एका हाक्यात रानडुकराने मांडीत सुळा घातला. ते जन्मभर लंगडले. डुकराचा मालगुजाराबरोबर फोटो निघाला. पुढे दीक्षा घेतली तेव्हा सुदामकाकांना वाटलं, आता आपल्याला त्या रांगेत कुणी बोलवायचं नाही. मुलीला त्यांनी समज आल्यावर एकच गोष्ट शपथेवर सांगितली होती की ज्याच्या हातात बंदूक आहे त्याच्या पुढे चालायचं नाही.

त्यानंतर मी त्या दुकानाकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागले. तंबू, दोर, कंदील सगळे तसेच होते, पण त्यांच्या मागे कुठेतरी दूरचं एक रान डुलत असल्यासारखं वाटायचं.

दोन हजार सहाच्या वसंतात गावभर फुटबॉल विश्वचषकाचे झेंडे लागत होते. त्या दिवसांत फ्राऊ केसलरने सांगितलं की ती दुकान सोडते आहे. क्रांतीला हवं असेल तर ते तिचं. क्रांतीला ते किती हवं होतं हे मला ठाऊक होतं. परदेशात बायकोच्या नात्याने आलेल्या आम्हा सगळ्यांत तिला एकटीलाच स्वतःच्या नावाची पाटी मिळणार होती. पण अडचण होती हेर लांगची, म्हणजे लांगसाहेबांची.

हेर लांग शेजारच्या दरीतल्या कपड्यांच्या एका जुन्या कंपनीचा माणूस. साठीचा, हिरवा कोट, बोलण्याआधी थांबणारा. त्या कंपनीचे लोकरी कोट आणि रेनकोट या भागात घरोघर आहेत, आणि दुकान तगायचं तर ते हवेतच, असं फ्राऊ केसलरचं म्हणणं. आजवर ती स्वतः ते मागच्या दाराने मागवून विकायची आणि क्रांती त्या फळीकडे पाठ करून उभी राहायची. आता पाठ करून चालणार नव्हतं. ही कंपनी शिकाऱ्यांच्या संघाला मदत करायची, आणि त्याच खिशातून कुरणं राखायला, रानमांजरं जगवायलाही. लांग स्वतः शिकारी होता. हरणं फार झाली की कोवळी झाडं उरत नाहीत, असं तो म्हणायचा. क्रांती म्हणायची की हे मालगुजारही म्हणत असतील. होय की नाही ते सोमवारी सांगायचं होतं. लांग एवढंच म्हणाला की नाही म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी शनिवारी पहाटे कुरणावर या. गवत कापायच्या आधी आम्ही त्यात लपलेली हरणांची पिल्लं बाहेर काढतो, नाहीतर ती यंत्राखाली सापडतात. माणसं कमी पडतात.

क्रांतीने मला सोबत बोलावलं. मी उर्जाला बापाजवळ ठेवलं, पँट मोज्यांत खोचली, गोचिडांसाठी अंगाला काय काय फासलं आणि निघाले.

अजून उजाडायचं होतं. कुरण धुक्यात बुडालेलं, आणि गवत कमरेएवढं. कुरणाच्या टोकाला गवत कापायचं यंत्र एखाद्या झोपलेल्या जनावरासारखं उभं होतं. गावातली माणसं जमली होती, बहुतेक हिरव्या कोटांतली. बंदूक कुणाकडेच नव्हती. लांगने सगळ्यांना हातभर अंतर ठेवून रांगेत उभं केलं आणि काठ्या वाटल्या.

रांग म्हटल्यावर क्रांतीचा चेहरा बदलला. ती काठी घेईना. तिने सॅकमधून स्टीलचं ताट आणि पळी काढली. घरून आणली होती. तिच्या मनात सगळं ठरलेलं होतं. रांगेत चालायचंच तर असा आवाज करायचा की एकूण एक जनावर यंत्राच्या वाटेतून पळून जाईल. आजोबांनी ज्या आवाजाने जनावरं बंदुकीकडे नेली, त्याच आवाजाने ती वाचवायची. रांग हलली आणि तिने ताट वाजवलं. तो खणखणाट त्या धुक्यात अगदी परका वाटला.

रांग थांबली. लांग तिच्याजवळ आला. त्याने ताट हिसकावलं नाही. त्यावर नुसता तळवा ठेवला, आणि आवाज विझला.

"पिल्लू पळत नाही," तो हळू म्हणाला. "भ्यालं की जमिनीला अजून चिकटतं. तुम्ही जेवढा आवाज कराल तेवढं ते घट्ट लपेल, आणि यंत्र येईपर्यंत तसंच राहील. आपल्याला गुपचूप जाऊन पाहावं लागतं."

क्रांतीने ताट सॅकमध्ये ठेवलं. मग आम्ही चाललो. तसं चालणं मी पुन्हा कधी अनुभवलं नाही. कुणी बोलत नव्हतं. काठीने गवत बाजूला करायचं, पाहायचं, पाऊल टाकायचं. दवाने कमरेपर्यंत भिजलेलं अंग. दोन्ही बाजूंना धुक्यात विरत गेलेली माणसं, अर्धी दिसणारी, जणू आपण सगळे एकाच झोपेतून चाललो आहोत. मला उर्जाची आठवण आली. ती याच वेळी अंथरुणात लपलेल्या पिल्लासारखंच अंग चोरून निजते.

पिल्लू क्रांतीच्या पायाशीच होतं. ताट वाजलं तिथून फार दूर नव्हे. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके, मान जमिनीला टेकलेली, डोळे उघडे. पापणीसुद्धा हलत नव्हती. लांगने तिला खूण केली. मूठभर गवत उपटून हातांत घ्यायचं आणि त्या गवतातच पिल्लू उचलायचं, म्हणजे माणसाचा वास लागत नाही आणि आई पुन्हा जवळ घेते. क्रांतीने तसं केलं. ते उचलताना तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते मी विचारलं नाही. कुरणाच्या कडेला झाडाखाली पेटाऱ्यात तिने ते ठेवलं. नंतर यंत्र सुरू झालं. कापणी उरकल्यावर पेटारा उघडला आणि आम्ही दूर जाऊन थांबलो. रानातून आईची एक बारीक शीळ आली, पिल्लाने कान उभारले, आणि गवताची कड जरा हलली. बस, इतकंच दिसलं.

पण क्रांती खूश नव्हती. परतताना बसमध्ये ती म्हणाली की माणूस चांगला निघाला, हेच वाईट झालं.

रविवारी तिने टेलिफोन कार्डावरून भंडाऱ्याला फोन लावला. मी तिच्याच स्वयंपाकघरात चहा घेत होते. धम्मपालने फोनचा स्पीकर लावून दिला. तिने वडिलांना सगळं सांगितलं, रांगेत चालले हेसुद्धा.

"रांगेच्या शेवटी कोण होतं, पोरी?" सुदामकाकांनी विचारलं.

"कोणी नाही, बाबा. बंद यंत्र होतं. आणि शेतकरी कॉफी पीत उभा होता."

"मंग ती रांग आपली. पण तो बंदूक कवा उचलते?"

तिने लपवलं नाही. लांग एकटाही शिकारीला बसतो, आणि थंडीच्या तोंडावर इथेही हाका होतो, माणसं रांगेत चालतात, शेवटी बंदुका असतात. स्वखुशीने चालतात, संध्याकाळी सूप पितात, पण चालतात.

"स्वखुशीनं चालतात ना? मंग ते त्यांचं त्यांनी पाहावं," ते म्हणाले. "तू तुह्या महिन्यात चाल. त्यांच्या महिन्यात पाय बाहेर नको काढू."

सोमवारी मी मुद्दाम दुकानात गेले. क्रांतीने हेर लांगपुढे कॉफी ठेवली आणि सांगितलं की त्याच्या कंपनीचा माल ती ठेवेल, समोरच्या फळीवर ठेवेल. पिल्लं काढायच्या मोसमात ती दर वेळी कुरणावर येईल. मात्र हाक्याचे महिने आले की त्या फळीवरचे कोट उतरतील आणि तो मोसम संपेपर्यंत ती रिकामी राहील. लांगने कप खाली ठेवला. कोट खपतात ते नेमके त्याच महिन्यांत, असं त्याने तिला सांगितलं. तिला ते माहीत होतं.

"आल्झो, बरं तर," तो शेवटी म्हणाला, "कंपनीला हे पटणार नाही."

"पटवा. नाहीतर फळी बाराही महिने रिकामी राहील."

कंपनीला ते सहज पटलं नाही. उन्हाळा गेला, झेंडे उतरले, मग कुठे होकार आला. हिवाळ्याचा गल्ला दुबळा असतो, आणि क्रांती त्याबद्दल कुरकुरत नाही. दारावर तिच्या नावाची पाटी आहे. दर ऑक्टोबरात लांग स्वतः गाडी घेऊन येतो आणि कोट उतरवायला मदत करतो. मग ते दोघं कॉफी पितात आणि शिकारीवर पूर्वीसारखेच भांडतात.

परवा उर्जाचे हातमोजे घ्यायला गेले. बाहेर भुरभुर बर्फ, जंगल अर्धं पुसलेलं. समोरची फळी रिकामी होती, फक्त मधोमध ते स्टीलचं ताट आणि पळी. एक म्हातारे गृहस्थ ताट हातात घेऊन उलटसुलट पाहत होते. तंबूत जेवायला बरं आहे, कितीला, असं त्यांनी विचारलं.

क्रांतीने ते हलकेच त्यांच्याकडून घेतलं, आवाज होऊ न देता फळीवर परत ठेवलं, आणि कोट हवा असेल तर वसंतात या म्हणाली.