चप्पल काढून

राजधानीतल्या बऱ्याच बंगल्यांत मी जाऊन आले आहे, पण घरमालकीण म्हटलं की मला रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातली ती भाडेकरू बाईच आठवते.

छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन रायपूर नुकतं राजधानी झालं होतं. भोपाळहून आलेल्या साहेबलोकांमुळे आमच्या गल्लीत रिकामी खोली मिळत नव्हती. ती बाई मात्र आपल्या भाड्याच्या खोलीच्या ओसरीवर स्वतःचं घर बांधत बसलेली असे. पुठ्ठ्याचं, हातभर लांब. काडेपेटीच्या काड्यांचा झोपाळा, बाटलीच्या झाकणाची परात, जुन्या पातळाच्या काठाचे पडदे. चिमट्याने एक वस्तू आत ठेवायची आणि मान तिरकी करून कितीतरी वेळ बघत राहायची.

मी पहिल्यांदा वाकून डोकावले, तर तिने त्या इवल्या दारावर हात धरला. "काहून वं पोट्टी, चप्पल घालूनच घरात येऊन राहिली का?"

मी चप्पल काढली. मग तिने बटण दाबलं आणि आत टॉर्चचा बल्ब लागला. पाहुणा आल्याशिवाय तो दिवा ती लावत नसे.

एकदा नव्या सरकारातले एक साहेब आले. "माताजी, ये मॉडल हमें दे दीजिए. प्रदर्शनी में रखेंगे."

तिने चिमटासुद्धा खाली ठेवला नाही. "मॉडल नहीं है साहब, घर है. पहले जूते उतारिए."

साहेबांनी नाड्या सोडल्या, मोजेही काढले आणि फरशीवर गुडघे टेकले.

तिने पदर सारखा केला, बटण दाबलं आणि म्हणाली, "आइए."