चंद्राच्या सणाची रजा

कंपनीच्या पोरी भाडेकरू ठेवायच्या म्हंजे डोक्याला ताप. कुरुळीत माझ्या चार खोल्या हायेत, म्हनून सांगते. पर विजयश्रीचं येगळं. लातूरकडची पोर, गाड्यांच्या वायरी जोडायच्या कामाला. दुपारच्या शिफ्टला जायच्या आधी ओट्यावर बसून आमाला पुस्तक सांगायची.

पुस्तक इंग्रजी, गोष्ट चीनची. त्यांच्या देवादिकांची जुनी कथा, तरन्या पोरींसाठी नव्यानं लिवलेली. चंद्रावरची देवी आन् खाली ऱ्हायलेला तिचा तिरंदाज नवरा. ती अमृत प्याली आन् उडाली वर. मी म्हनलं, "एकटीच प्याली? नवऱ्याला ठेवायचं न्हाई व्हय?" तर म्हनली, "सुमनताई, चोराच्या हाती लागू नये म्हणून प्याली ती." मग मला बी तिची कीव आली.

पुस्तक प्रज्वलनं दिल्यालं. तिच्याच कंपनीत मशीनदुरुस्तीला व्हता, गुनाचं पोरगं. कंपनीनं त्याला नवं मशीन शिकायला चीनला धाडलं. जाताना माझ्याच दारात त्यानं तिला लग्नाचं इचारलं. ही मुलखाची भित्री, दाराची कडीच चाळवत ऱ्हायली. त्यो म्हनला, "घाई नाही. पुस्तकात चंद्राचा सण आहे बघ, त्या दिवशी चंद्र उगवला की फोन करीन. तेव्हा सांग. उचलला नाहीस, तर नाही असं समजेन. तोवर त्रास देणार नाही."

चंद्राचा सण म्हंजे कोजागिरी, दुसरं काय आसनार? पुस्तकातली मानसं बी चांदन्यात बसून ग्वाड खात्यात. आमी समद्यांनी तेच धरलं. शेवटचा भाग तिनं वाचलाच न्हाई. प्रज्वल आला की दोघं वाचू, म्हनायची.

कोजागिरीला तिनं रजा टाकली. नवी साडी नेसली, गच्चीवर दूध आटवलं. चंद्र वर आला. फोन गप. दुधावर साय धरली तरी गप. मला त्या पोराचा असला राग आला, समोर आसता तर कानशिलात दिली असती.

मग तिनं शेवटचा भाग उघडला. वाचता वाचता सणाच्या तिथीपाशी थांबली, फोनवर कायतरी शोधलं आन् म्हनली, "सुमनताई, त्यांचा सण मागच्याच पुनवेला होऊन गेला."

त्या दिवशी ती शिफ्टला व्हती. कामावर फोन कपाटात कुलपात ठेवाया लागतो. सुटल्यावर परदेशातला लांबलचक नंबर दिसला, तर कोजागिरी अजून महिनाभर लांब, फसवनाऱ्यांचा आसंल म्हनून तिनंच त्यो नंबर बंद करून टाकला व्हता.

तिनं त्योच नंबर लावला. मी शेजारीच व्हते.

"प्रज्वल, इथं चंद्र उगवलाय."

 मग त्यो म्हनला, "इथं मागच्या महिन्यात उगवला होता, विजू. वाट बघितली. मग घरी कळवलं, तुम्हीच मुलगी बघा. परवा त्यांनी माझी सुपारी फोडली."

मी म्हनलं, "मोडाया सांग त्याला." तर फोन ठिवून म्हनली, "तिकडं पण कुणीतरी पोरगी वाट बघत असेल ना."

दोन वर्सं झाली. अजून माझ्याकडंच हाय. जीव तुटतो माझा. दरसाल भाद्रपदाच्या पुनवेला रजा टाकती आन् गच्चीवर फोन घिऊन बसती. साहेब इचारतो, "पितरांची सुट्टी का?"

ती म्हनती, "हो."