शेवटचा ठिपका

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. मी बारामतीचा. सरहद्दीजवळच्या डोंगरात रडारवर सार्जंट म्हणून पोस्टिंग होती. लोक अजून विचारतात, रडारमध्ये विमानाचा फोटो दिसतो का? कसला फोटो घेऊन बसलात! अँटेना गोल फिरते, रेडिओ लहरी सोडते. लहर विमानावर आपटून परत येते. यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर, अँटेनाचं तोंड कुठं होतं त्यावरून दिशा. पडद्यावर ठिपका उमटतो. पुढच्या फेरीला दुसरा, आणि जुने हळूहळू विझत जातात. डोंगराकडूनही लहर परत येते, त्याचा मोठा डाग दिसतो.

त्या दुपारी ढग खाली उतरले होते. रसद टाकून परतणारं विमान वाट चुकून डोंगराकडं निघालं होतं. त्यात रेडिओ सांभाळणारा सिग्नलर होता बावड्याचा यशवंत. रजेवर आम्ही बरोबरच गावी यायचो. मी माइक ओढला.

"टर्न राइट. टर्न राइट नाऊ."

नुसती खरखर.

"यशवंता, उजवीकडं वळा! समोर डोंगर हाय!"

उत्तर नाही. ठिपका डोंगराच्या डागात शिरला, तो पुन्हा बाहेर आला नाही. मी ओरडतच राहिलो. शेवटी ऑफिसरनं माझ्या हातातून माइक काढून घेतला.

विमानातले चौघंही गेले.

रजा मिळताच मी बावड्याला गेलो. माझ्याआधीच तिथं बोभाटा झाला होता, की सिग्नलरनं ऑर्डर ऐकलीच नाही. ऐकून माझं डोकं फिरलं. यशवंताचे वडील, तात्या, घराबाहेर पडायचे बंद झाले होते.

"पोरगं झोपलं व्हतं म्हणत्यात," ते म्हणाले. "खरं सांग. बाकीची तीन माणसं त्याच्यापायी गेली का?"

मी मूठभर ज्वारी मागितली. घोंगडीवर एका ओळीत दाणे मांडले.

"तात्या, हे एकेका फेरीचे ठिपके. विमान असं सरळ चाललं होतं." शेवटचा दाणा मी ओळ सोडून उजवीकडं ठेवला. "हा डागात शिरायच्या आधीचा, मी माझ्या डोळ्यांनी बघितलेला. विमान वळायला लागलं होतं. रेडिओ यशवंताच्या कानाला होता. त्यानं सांगितल्याशिवाय पायलट वळला नसता. त्याचं उत्तर तेवढं आमच्यापर्यंत आलं नाही."

"म्हंजी त्यानं ऐकलं व्हतं?"

"व्हय तात्या. वळायला जागाच उरली नव्हती."

तात्या उठले, दारात गेले आणि रस्त्याकडं तोंड करून ओरडले, "या रं समदी! बघून जावा!"

माणसं जमली. तात्या रडत घोंगडीवर बसले होते. कुणाचा पाय लागू नये म्हणून त्या शेवटच्या दाण्याभोवती त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला होता.