मुक्ताबाईचं मत

पहिल्याच दिवशी मुक्ताबाईला जिना पुसायच्या आधी जिन्यावरचा माणूस बाजूला करावा लागला. माणूस जिवंत होता. दुसऱ्या मजल्यावर त्याचा टायपिंगचा क्लास होता आणि तो जागा सोडत नव्हता. वरच्या पायरीवर नानासो शर्टाच्या बाह्या खाली ओढत उभा होता.

"मावशे, बघतीस काय? पूस की."

तिनं पुसलं. रक्त गरम पाण्यानं जास्तच चिकटतं, गार पाण्यानं सुटतं, हे तिला त्या जिन्यानं शिकवलं.

माधवनगरची गिरणी बंद पडली तशी वायंडिंग खात्यातली मुक्ताबाई साबळे 'उत्कर्ष ऑफिसेस'मध्ये झाडलोटीला आणि चहाला लागली. धंदा साधा होता. जुन्या इमारतीचा मजला घ्यायचा, प्लायवूड ठोकून त्याचे कप्पे पाडायचे, कप्प्यात टेबल, खुर्ची, फोन ठेवायचा आणि ज्याला ऑफिस हवं त्याला तो महिन्याच्या बोलीवर द्यायचा. सत्त्याण्णव साली ऑफिस सगळ्यांनाच हवं होतं. दोन वर्षांत सांगलीत दोन, कुपवाडला एक, साताऱ्याला एक अशी कंपनी फुगली. अडचण एवढीच, की प्रत्येक मजल्यावर आधीचं कुणीतरी बसलेलं असायचं. त्याला उठवायला नानासो होता.

आणि आतल्या माणसांना मालक होता. वरदसाहेब पस्तिशीचा, गोरा, बोलायला साखर. फोन चुकीच्या कप्प्यात जोडला म्हणून त्यानं ऑपरेटर नीलिमाला स्टेपलर फेकून मारला. भिवईला तीन टाके पडले. घरी तिनं सांगितलं, कपाटाचं दार लागलं.

मग मुंबईची एक बडी पार्टी भागीदारीला येणार असं ठरलं. कंपनीत काम करणाऱ्यांना कंपनीबद्दल काय वाटतं, ते त्या पार्टीला कागदावर हवं होतं. साहेबानं एकोणीस छापील कागद वाटले. वर लिहिलं होतं, नाव घालू नये, मोकळेपणानं लिहावं.

तिसऱ्या मजल्यावर जोतीराम सुतार नवे कप्पे ठोकत होता. माणातला, दहिवडीकडचा, पंचविशीतला पोरगा. जेवणाच्या सुट्टीत मुक्ताबाई आपला कागद लिहून घ्यायला त्याच्याकडे गेली.

"आक्का, तुझ्यावर 'छान' लिवतो."

"तू काय लिवलंस?"

"छान. सकाळी नीलिमाताईचा पेन मागून लिवलं."

"मग माझं बी तेच कशाला? माझं त्वांड निराळं हाय की."

जोतीराम हसला. कानावरची जाड पेन्सिल काढून म्हणाला, "बरं, सांग."

"लिव. साताऱ्याला मजला रिकामा करताना तिथल्या शिंप्याच्या बायकूला नानासोनं केसाला धरून रस्त्यापतूर फरपटली, तवा मी चहाचा ट्रे घिऊन हुबी हुते. ट्रेमदला चहा सांडला न्हाई. त्येची मला लाज वाटती."

पेन्सिल थांबली.

"लिव रं! नीलिमाच्या भिवईचे टाके कपाटाचे न्हवत, हे बी लिव. आन् कंपनी वाढती तशी मला फडकी जास्त लागत्यात."

जोतीरामनं शब्दन् शब्द उतरवला. सुताराची रुंद, चपटी पेन्सिल साऱ्या कंपनीत एकट्या त्याच्याच कानावर असते, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मुक्ताबाई साहेबाच्या काचेच्या केबिनबाहेर फडकं मारत होती. काच बंद असली की आतलं बाहेर जात नाही, असं साहेबाला वाटायचं. वीस वर्षं गिरणीच्या आवाजात काढलेल्या बाईला कान लागत नाहीत, ती ओठ वाचते. टेबलावर कागद होता. साहेबाचं बोट त्या जाड रेघांवरून फिरलं. ओठ म्हणाले, "जोतीराम."

नानासोचे म्हणाले, "उजवा का डावा?"

"ज्यानं लिहितो तो."

तिच्या हातातलं फडकं पडलं. बोलणं तिचं आणि हात पोराचा जाणार. सुताराचा हात! ती दार ढकलून आत गेली.

"सायेब, त्ये मत माझं हाय."

वरदसाहेब हसला. "मावशी, तुम्हाला कधीपासून लिहिता यायला लागलं?"

"लिवता येत न्हाई. बोलता येतं. पोरानं निस्तं उतरवलं. काय करायचं त्ये माझं करा."

"तुमचा हात मोडून काय उपयोग? फडकं तुम्ही डाव्या हातानंही माराल. नानासो, जा."

ती दारात आडवी आली. नानासोनं उलट्या हाताची एकच ठेवून दिली. दात गालात रुतला, ती काचेवर आपटली आणि तो तिला ओलांडून जिन्याकडे गेला. तोंडातलं रक्त थुंकत ती मागं धावली.

वर पोचली तेव्हा उशीर झाला होता. नानासोनं जोतीरामची मान रंध्याच्या मेजावर दाबली होती. उजवा हात फळीवर पसरलेला. हातोडा जोतीरामचाच. पहिला घाव दोन बोटांवर पडला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि पोरगं असं ओरडलं, की खालच्या मजल्यांवरचे फोन बोलायचे थांबले.

"नानासो, सोड त्याला!"

"मावशे, माघारी फिर. न्हाईतर तुझीबी फळीवर घीन."

हातोडा पुन्हा वर गेला. सागाची एक पट्टी भिंतीला टेकलेली होती. मुक्ताबाईनं ती दोन्ही हातांनी उचलली आणि नानासोच्या गुडघ्याच्या मागं घातली. तो खाली बसला. दुसरी मनगटावर बसली, हातोडा गळला. आता तो काही करू शकत नव्हता. तरी तिनं तिसरी घातली, तोंडावर. ती त्या शिंप्याच्या बायकोची होती.

वरदसाहेब धापा टाकत वर आला. त्याच्यामागं नीलिमा.

"नीलिमा, पोलिसांना फोन लाव. या बाईनं माझ्या माणसाला मारलंय. तू साक्षीदार आहेस."

नीलिमानं जोतीरामच्या बोटांकडं पाहिलं. ती मधेच कुठंतरी वाकडी वळली होती.

"मी तुमच्याबरोबरच आले साहेब. मारताना मी कुणालाच पाहिलं नाही," ती म्हणाली. "आक्का, धरा त्याला. खाली माझी लूना आहे."

तिघं एका लूनावर मावेनात. नीलिमा जोतीरामला घेऊन पुढं गेली. मुक्ताबाई रक्तानं भिजलेला पदर तोंडाला लावून भर दुपारी चालत सरकारी दवाखान्यात पोचली. डॉक्टर बोटं ओढून सरळ करत होते. पोरगं किंचाळत होतं. तिनं त्याचा दंड धरून ठेवला.

"आक्का, हातोडा निसटला म्हणून सांगतो," तो हुंदक्यात म्हणाला. "पुन्हा मारतील गं."

"गप."

दवाखान्यातला हवालदार वही घेऊन आला. मुक्ताबाईनं सगळं सांगितलं, टायपिंगवाल्यापासून. तो दोनदा थांबला, तिनं दोनदा "फुडं लिवा" म्हटलं. जोतीरामच्या बोटांपाशी आल्यावर त्यानं पेन खाली ठेवला.

"बाई, जरा सबुरीनं. त्यांचा माणूसबी खाजगीत पडलाय. ही फिर्याद नोंदवली तर ते तुझ्यावर उलटी केस घालतील. तूबी मारलंयस."

"व्हय, मारलंय."

"दोन फटके मारलेस म्हणं."

"दोन न्हवं, तीन," मुक्ताबाई म्हणाली. "तिसरा गरज नसताना मारला. त्यो बी लिवा, आन् माझा अंगठा घ्या."