‘कनाइव्हन्स’ आणि रंगनाथतात्या

कुणाला कंपनीचं इंग्रजी पत्र आलं की रंगनाथतात्या ते लगेच वाचून दाखवत नसत. आधी खिशातली पेन्सिल काढत, त्यातल्या सगळ्यात अवघड शब्दाभोवती गोल करत आणि त्या शब्दालाच विचारत, "कुठल्या गावचा रे तू?" पत्र आणणारा तोवर घामाघूम. तात्यांचं म्हणणं ठरलेलं, "शब्दाला भ्यायचं नाय. आधी त्याचं गाव विचारायचं, मग तो नीट बोलतो."

तात्या म्हणजे रंगनाथ सोनवणे, आमच्या शेंद्र्याच्या कारखान्यातले इलेक्ट्रिशियन. मूळचे सोयगावकडचे, घरी मेंढरं. इंग्रजी घेऊन बी.ए. करायला शहरात आले आणि दुसऱ्याच वर्षी आयटीआयला गेले. पण शब्दांच्या मुळांचा एक पुठ्ठा उडालेला जाड कोश त्यांच्या टूलबॉक्समध्ये पकडीखाली कायम असे. मी तिथला शिफ्ट सुपरवायझर, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. ते मला साहेब म्हणत.

एकदा सलीम फिटर पत्र घेऊन कॅन्टीनमध्ये आला. "तात्या, ये इनसबॉर्डिनेशन क्या बला है? नौकरी गई क्या मेरी?"

"बस आधी. लॅटिन हाय हे. 'सब' म्हंजे खाली, 'ऑर्डो' म्हंजे ओळ. साहेबाच्या ओळीखाली तू ऱ्हायला नाहीस, एवढंच म्हणणं हाय. खून नाय केलास."

"तो जवाब क्या लिखूँ?"

"लिही, ओळ दिसली नाय, चष्मा द्या."

सगळे हसले. मीही हसलो. सलीमची तक्रार मीच केली होती, हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

मग ती सकाळ. आमच्या पत्रा दाबायच्या प्रेसला एक सेन्सर होता. हात आत असेल तर मशीन थांबायचं. माल लवकर निघावा म्हणून ऑपरेटरनं वायर टाकून तो बंद केला होता. तात्यांनी ते पाहिलं आणि तडक माझ्याकडं आले. "साहेब, मशीन बंद करा. सेन्सर बायपास केलाय पोरानं."

मी म्हणालो, "माल न्यायला गाडी उभी आहे, तात्या. राहू द्या. जेवणानंतर बघू."

जेवणाच्या आधीच त्या ऑपरेटरची दोन बोटं गेली.

पत्र आलं ते तात्यांना. सेन्सर बंद असल्याचं माहीत असून गप्प राहिले, ऑपरेटरशी 'कनाइव्हन्स' केला, असा आरोप. चौकशीला बाहेरून वकील नेमला होता. तात्यांनी तिथंही शब्दाला गोल केला.

"साहेब, हा लॅटिनचा. 'कनिव्हेरे', म्हंजे डोळे मिटणं. आधी अर्थ तेवढाच होता. मग चूक दिसत असून न बघितल्यासारखं करणं, असा झाला. आता लोक संगनमतालाही हाच वापरतात. तुम्ही कुठला अर्थ लावलाय? मी पोराशी ठरवून त्याची बोटं तोडली, का नुसते डोळे मिटले?"

वकील म्हणाले, "शब्दार्थ पुरे. तुम्ही कुणाला कळवलं होतं का?"

"व्हय. ह्या साहेबांना." तात्या माझ्याकडं वळले. "सांगा साहेब, मी आलो होतो का नाय तुमच्याकडं?"

"मला काही सांगितल्याचं आठवत नाही," मी म्हणालो.

 तात्यांनी पेन्सिल खिशात घातली. त्यानंतर चौकशीत ते एक शब्द बोलले नाहीत. महिन्याभरात त्यांना काढलं. मला पुढं बढती मिळाली.

दीड वर्षानं क्रांती चौकात एका झेरॉक्सच्या दुकानात ते दिसले. लोकांचे अर्ज लिहून देत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "तात्या, तुम्ही मला सांगितलं होतं. मला सगळं आठवतं."

"तुम्हाला आठवतं, हे मला ठाऊकच हाय." त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "मग लेखी द्या. लेबर कोर्टात केस चालू हाय. मराठीतच लिहा, अवघड शब्द नको."

मी म्हणालो, "बघतो, तात्या. मुलीची ॲडमिशन आहे, तेवढी होऊ द्या."

"व्हय. होऊ द्या." त्यांनी कागद उचलून पुन्हा गठ्ठ्यात ठेवला आणि पुढच्या माणसाला विचारलं, "बोला दादा, काय लिहायचं?"

मुलीची ॲडमिशन झाली, तिचं शिक्षणही संपलं. मी त्या दुकानावरून जायचं टाळत राहिलो. गेल्या वर्षी तात्या गेले. त्यांच्या पत्नीचं नाव केसला लागलं. पण दर तारखेला सोयगावहून यायचं कसं? त्यांनी केस काढून घेतली. हे मला सलीमनं फोन करून सांगितलं. "मुबारक हो साहब. अब आपसे कोई नहीं पूछेगा."

फोन ठेवल्यावर आधी मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली. हे सगळं मी आज लिहितोय. आता यानं माझी नोकरी जात नाही, आणि तात्यांची परत येत नाही. अशी वेळ येईपर्यंत मी थांबलो होतो.