रिपोर्ट चांगला आला

माझी वहिनी शिलाईकाम करते. शिवण वाकडी गेली तर गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी उसवून पुन्हा घालेल, पण तसं देणार नाही. अशा बाईला घरात कुणी खरं मानू नये, याचा मला फार संताप यायचा.

सुरुवात घास अडकण्यापासून झाली. पुढे दुधात भिजवलेलं बिस्कीटही उतरेना. डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून अन्ननलिकेच्या आतला छोटा तुकडा काढला, तपासला, रिपोर्ट चांगला आला. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, हौसेने सगळ्यांना फोन केले. त्रास काही थांबला नाही. पुन्हा दुर्बीण, पुन्हा चांगला रिपोर्ट. मग डॉक्टरांनी मन शांत राहायच्या गोळ्या दिल्या आणि घरात सगळ्यांना चांगलंच फावलं. आई म्हणायची, "मनावर घेऊ नकोस गं." दादा ताटासमोर बसवून म्हणायचा, "खा मुकाट्याने. रिपोर्ट खोटा आहे का?"

"अरे, ती वाळून काटकी झाली, ते दिसत नाही का तुला?" मी म्हणायचे. ऐकतो कोण.

वहिनी आपले कपडे टिपा घालून आत घेत राहिली. एकदा मशीनवर डोकं टेकून मला म्हणाली, "वन्सं, रिपोर्ट वाईट यावा असं वाटतं मला. वेडी झालेय का मी?" दादाला न विचारता मी तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी खोलवर सुई घालून तुकडा काढला. रिपोर्ट घ्यायला दादाही आला. बाई म्हणाल्या, "अन्ननलिकेचा लिम्फोमा आहे. एक प्रकारचा कॅन्सर. या जागी फार क्वचित होतो. आतलं अस्तर चांगलं आहे, गाठ त्याच्याखाली वाढतेय. आधीचे तुकडे वरवरचे होते, त्यात ती सापडलीच नाही."

दादाने घाईने विचारलं, "औषध असेल ना?"

"आहे. लागूही पडतं. पण यांच्या अंगात आता काही उरलेलं नाही. झेपेल का, ते सांगता येत नाही. थोडं आधी आणायला हवं होतं."

दादा तोंड झाकून रडायला लागला. वहिनीचा चेहरा मात्र मोकळा झाला होता. ती खुर्ची पुढे ओढून बाईंना म्हणाली, "हे यांना पुन्हा एकदा सांगाल का? मी मुद्दाम करत नव्हते, तेवढंच."