दस्त्यावरचं पाचवं बोट

"डोळ्याचं काय खरं हाय? हात फिरवा."

लाकडाचा विषय निघाला की ती हे म्हणायचीच. त्या दिवशी संध्याकाळीही म्हणाली. आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. माझ्या मांडीवर रायफलचा दस्ता, म्हणजे तिचं लाकूड. नळी आणि बाकीचं लोखंड काढून आत फडक्यात गुंडाळून ठेवलं होतं. मी काचपेपरनं दस्ता घासत होतो, बायको समोर लसूण सोलत होती. मधेच हात लांब करायची, डोळे मिटून लाकडावरून तळवा फिरवायची आणि सांगायची, "इथं अजून खरखर हाय." मला काही दिसायचं नाही. पण खरखर असायची बराबर.

दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते.

तिचं नाव लिहीत नाही. उभ्या संसारात कधी घेतलं नाही, आता घेऊन ती काय ओ देणार आहे? तुम्ही कळमनुरीच्या बाजाराला येत असाल तर तिला पाहिलं असेल. पोळपाटवाल्याशी भांडणारी बाई ती आमची. पोळपाटावर हात फिरवून चारचौघात म्हणायची, "ओलं लाकूड देऊन राहिला का रे? चार दिसांत वाकडं होईल, मग पोळी तुझ्या घरी येऊन लाटू?" पोळपाटवाले तिला बघून वाळलेला माल आपणहून पुढं करायचे.

ती पुसेगावच्या सुताराची लेक. बाप बैलगाडीची चाकं करायचा. मीही सुतारच, पण सातवीत नापास झालो आणि फौजेत गेलो. मी रंधा धरला की लाकूड रडायचं. ती म्हणायची, "सुताराच्या घरात देऊन राहिलो म्हणून सांगितलं व्हतं मला. निघाला शिपाई."

फौजेतून सुटून आलो तेव्हा नव्वद साल उलटून गेलं होतं. एका बँकेत गार्डची जागा निघाली. स्वतःची बंदूक असेल तरच घेऊ म्हणाले. मग लायसन काढून फौजेनं मोडीत टाकलेली एक जुनी रायफल घेतली. दस्ता काळा, चिकट, जागोजाग ठेचलेला. घरी आणली तर ही कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"सवत आणली ती आणली," म्हणाली, "तीबी म्हातारी."

पण सवतीला तिनंच न्हाऊ घातलं. वैशाखाच्या उन्हात दस्ता जुन्या धोतरात गुंडाळून पत्र्यावर टाकला. दोन दिवसांत सगळं जुनं ग्रीस धोतरात उतरलं. जिथं लाकूड ठेचून दबलं होतं तिथं ओलं फडकं ठेवलं आणि वरून तापलेलं उलथनं दाबलं. वाफ निघाली, फडकं उचललं, खळगा भरून आलेला. मी बघतच राहिलो. फौजेत हत्यारं दुरुस्त करणारा आमचा आर्मरर एवढी कारागिरी करत नव्हता.

"आता जवसाचं तेल आणा," ती म्हणाली. "बाळापूरला घाणा हाय."

मी आळशी. घरातलं करडईचं तेल चोळलं आणि गेलो कामावर. ते पावसाळाभर वाळलं नाही. एक दिवस बँकेत कोणीतरी पेढे ठेवले, तर मुंग्यांची रांग लागली, पेढ्यापासून थेट माझ्या दस्त्यापर्यंत. तेव्हापासून तिच्या तोंडी मी "मुंग्यांचे फौजदार." लेकीच्या सासरची माणसं आली तर त्यांच्यासमोरही तेच. "बसा, फौजदार येऊन राहिले आत्ता. मुंग्यांचे."

ते तेल काढायला दस्ता पुन्हा घासून कोरा केला आणि तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यार बिनपूजेचं ठेवत नाहीत. तिच्या माहेरी करवतीला, किकऱ्याला पाच बोटं कुंकू लावायचे. तिनं अंघोळ केली, कुंकू पाण्यात कालवलं आणि कोऱ्या दस्त्यावर पाच बोटं उठवली. लाकूड ते पिऊन बसलं. दुपारी पुसायला गेलो तर निघेना.

"सुताराची लेक म्हणवतीस," मी ओरडलो, "आणि कोऱ्या लाकडावर ओलं कुंकू लावतीस?"

ती एवढंच बोलली, "देवाम्होरं ठेवलं तवा ते लाकूड न्हवतं मला. हत्यार व्हतं."

मग काय, वरून जवसाचं तेल दिलं आणि ती बोटं तशीच राहिली. रोज सकाळी रायफल ती माझ्या हातात द्यायची. देताना आपली पाच बोटं त्या पाच डागांवर ठेवायची आणि म्हणायची, "जा बाई, सांभाळ यांना." मला त्याची लाज वाटायची. आजूबाजूला कोणी नाही ना हे मी आधी बघून घ्यायचो.

अशी दहा-बारा वर्षं गेली. मग बँकेत नवा मॅनेजर आला. पोरगाच होता. "हे लाल काय लावलंय?" म्हणाला. "तपासणीला वरचे साहेब येणार आहेत. सोमवारपर्यंत साफ करून आणा, नाहीतर मला दुसरा गार्ड बघावा लागेल." मी घरी येऊन सांगितलं. मग काचपेपर तिनंच आणून दिला.

तीन दिवस घासलं. चार बोटं गेली. अंगठा गेला नाही, तो खोल उतरला होता. त्या संध्याकाळी लसूण सोलता सोलता ती म्हणाली, "राहू द्या एक. एका बोटानं बँक बुडत न्हाई."

"नोकरी बुडती ना."

"मग उद्या घासा. आज हात दमले तुमचे."

तोपर्यंत उजेडही गेला होता. दस्ता तिथंच ओट्यावर ठेवला. तिनं लसणाची चटणी केली, आम्ही जेवलो. थंडी वाजून राहिली म्हणाली आणि गोधडी ओढून झोपली. यापेक्षा जास्त काही बोलणं झालं नाही. मी पुष्कळ आठवून बघितलं.

सकाळी चूल पेटलेली नव्हती. मी "अगं" म्हणालो. दोनदा म्हणालो.

डॉक्टर आला, झोपेतच गेल्या म्हणाला. लेक बाळापूरला दिलेली, तिला निरोप गेला. ती येईपर्यंत थांबायचं ठरलं. घर बायांनी भरलं. मला कोणी काम सांगेना. रडू आलं नाही. अजूनही नीट आलेलं नाही.

शेजारची बाहेर आली. "भाऊ, वहिनी कुंकवाचा करंडा कुठं ठेवायच्या?"

मला माहीत नव्हतं. शोधला, देवळीत सापडला.

"सवाष्ण गेली बिचारी. कुंकू तुमच्या हातानं लागू द्या."

मी बसलो. कोरडं कुंकू कपाळाला धरेना. कोणीतरी भांड्यात पाणी आणून दिलं. कालवलं आणि लावलं.

मग ओट्यावर आलो. दस्ता रात्रीचा तसाच होता, बाजूला लसणाची टरफलं. उद्या सोमवार. मी काचपेपर उचलला. घासायच्या आधी ती बघायची तसं बघावं म्हणून डोळे मिटले आणि दस्त्यावरून तळवा फिरवला. वरून खाली, खालून वर. कुंकवाचं ते बोट हाताला लागलं नाही. खरखर कुठंच नव्हती.

काचपेपर ठेवून दिला. जवसाच्या तेलाची बाटली उघडली, तळव्यावर थोडं घेतलं आणि चोळायला लागलो. लेक आली तेव्हा तेलाचा पहिला हात देऊन झाला होता.